चार हात जमीन पाहून

डोंगर चढणे ही व्यापारी जैन घरांना नवी गोष्ट नाही. सम्मेदशिखरजीची वंदना पहाटे दोन-तीन वाजताच सुरू होते. शत्रुंजयावर रात्री मुक्काम करायचा नाही असा दंडक असल्याने यात्रेकरू उजाडण्यापूर्वीच पायथ्याशी उभे असतात. परंतु ही सारी चढाई संघाची. डोलीवाले, जयघोष, मागे राहिलेल्या मावशीला दिलेल्या हाका, हे सारे तिच्यात आलेच. यात्रेचे पुण्य पदरात पडणार नसताना एकट्यानेच पहाटे डोंगर गाठणे हा मात्र आपल्याकडे विक्षिप्तपणा समजला जातो. लातूरच्या आडत बाजारातील एका अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांवर हा आरोप गेली अनेक वर्षे होत आला आहे.

त्यांचा डोंगर म्हणजे औसा तालुक्यातील खरोसा. नात एडिंबरा येथे शिकते. ती तिकडील डोंगरांची छायाचित्रे पाठवते तेव्हा खरोशाला डोंगर म्हणावे की टेकाड, असा प्रश्न घरात थट्टेने निघतो. स्कॉटलंडमधील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटरचे आहे. आजोबांनी तिला कळवले की आपले शिखरजी १,३६५ मीटर आहे आणि लातूरकर तर घरी बसूनच सहाशे मीटरवर असतात. हिशेबात त्यांना कोणी हरवू शकत नाही. पण नातीच्या पत्रातील एक गोष्ट त्यांनी मुकाट्याने उचलली. तिकडे एकटा डोंगरावर जाणारा माणूस कोणत्या वाटेने जाणार व केव्हापर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवतो. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसल्यापासून हे गृहस्थही दुकानच्या पावतीच्या पाठीमागे तसे लिहून देतात. मुलांनी परवानगी दिली ती या चिठ्ठीच्या अटीवर.

महाराष्ट्रातील बहुतेक लेणी काळ्या पाषाणातील आहेत. खरोशाची जांभ्या दगडातील. सुमारे सहाव्या शतकातील ही कोरणी. जांभा सच्छिद्र, झिजणारा. त्यामुळे नरसिंह, कार्तिकेय यांच्या मूर्तींचे चेहरे पुष्कळसे विरघळल्यासारखे झाले आहेत. माथ्यावर रेणुकादेवीचे देऊळ आहे. गावकऱ्यांना वाटते, शेटजी देवीला येतात. शेटजी तो समज दूर करीत नाहीत.

त्यांच्या चालण्याचे काही नियम आहेत. पायथ्याशी अंधारात पोहोचले तरी वाट दिसू लागेपर्यंत ते पाऊल उचलत नाहीत. विजेरी जवळ असते, पण लावत नाहीत. साधूंच्या ईर्यासमितीत चार हात जमीन पाहून चालणे सांगितले आहे. गृहस्थाला ती बंधनकारक नाही, तरी मुंगीची रांग ओलांडण्यापुरती तिची आठवण ठेवायला हरकत नसावी. चालताना बोलू नये हेही त्यातच येते आणि सोबत कोणी असले की ते साधत नाही. एकटे जाण्याचे कारण कोणी विचारल्यास ते इतकेच सांगतात. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, होईपर्यंत पाणीही नाही. यावर डॉक्टरांनी एकदा नापसंती दाखवली. त्यावर चढ हळू करण्याची तडजोड झाली. आणि चातुर्मासात डोंगर वर्ज्य. गवत, गोगलगायी, पैसा किडे यांनी वाट भरलेली असते. कार्तिकी पौर्णिमेनंतरच पहिली फेरी.

या शेवटच्या नियमामुळे एक तारीख नेहमीच हुकते. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाचा तो शेवटचा उपवास. किल्लारी भागातील एका गावी वसुलीला जायचे होते. उपवास असल्याने थोरल्याऐवजी धाकटा भाऊ गेला. विसर्जनाच्या मिरवणुकीत उशीर झाला आणि तो ओळखीच्या वाड्यात मुक्कामाला राहिला. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. असे वाडे क्षणात बसले. कुडाच्या झोपड्या मात्र पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या. धाकटा चोवीस वर्षांचा होता.

त्या दिवसांत समाजाने पुष्कळ केले. भारतीय जैन संघटनेने १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. या गृहस्थांनी एवढेच केले की त्या दिवाळीला नवी वही घातली तेव्हा त्या गावची एकही बाकी पुढे ओढली नाही. मुनिमाने विचारले, बुडीत खाती टाकू का? ते म्हणाले, बुडीत कशी, चुकती झाली म्हणून लिहा.

तेव्हापासून त्यांची झोप चारच्या आधी मोडते. प्रथम ते अंगणात बसत, मग गावाबाहेर चालू लागले, चालता चालता खरोसा गाठला गेला. माथ्यावर किल्लारीच्या दिशेला तोंड करून ते एक सामायिक करतात. सामायिकाचा काळही दोन घटकांचाच. सूर्य वर येताना बसले तर पाण्याची वेळ आणि उठण्याची वेळ बहुधा एकच होते. सामायिकात मन पूर्ण स्थिर राहते, असे त्यांनी कधी कोणाला सांगितलेले नाही. खाली तुरीची शेते धुक्यातून हळूहळू सुटी होतात, एखाद्या वस्तीवर धूर दिसतो, एस. टी. चा आवाज येतो.

यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला थोरला मुलगा गाडी घेऊन आला. मी बोलणार नाही, नुसता मागून येतो, असे तो म्हणाला. त्यांनी त्याच्या हाती चिठ्ठी दिली: देवळाची वाट, सव्वासहाला निघालो, साडेआठपर्यंत. मुलगा पायथ्याशी थांबला. काकाला त्याने पाहिले ते फक्त भिंतीवरच्या छायाचित्रात, तो त्यानंतरचा. साडेआठला पाच मिनिटे कमी असताना वळणावर पांढरी टोपी दिसली. मुलाने थर्मासमधील उकळलेले पाणी ओतून पुढे केले. दोन घोट घेऊन त्यांनी विचारले, “काल तूर काय भावाने सुटली?”