हर्सूलच्या तळ्यावर कॅमेऱ्याची परीक्षा

छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजातून बाहेर पडले, की एका हाताला हिमायत बागेची झाडी लागते आणि दुसऱ्या हाताला सलीम अली सरोवराचे पाणी. तोच रस्ता पुढे हर्सूलला जातो, आणि हर्सूल ओलांडून फुलंब्री, सिल्लोड करीत अजिंठ्याला. प्रवासी मंडळी या रस्त्याने जातात ती अजिंठ्याच्या ओढीने. त्यामुळे हर्सूल येते कधी आणि जाते कधी, याचा त्यांना पत्ताही नसतो. फार तर मध्यवर्ती कारागृहाची लांबच लांब भिंत दिसली म्हणजे कोणीतरी “हेच का ते हर्सूल?” असे विचारतो आणि पुन्हा डुलकी घेतो. एखाद्या गावाची ओळख तुरुंगावरून व्हावी हा त्या गावावर अन्यायच म्हणायचा! येथे हरसिद्धी मातेचे देऊळ आहे, नवरात्रातली यात्रा आहे आणि जटवाड्याच्या डोंगरांकडून येणाऱ्या खाम नदीचे पाणी अडवून केलेला तलाव आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली आणि पुढे तिची तहान भागवण्यासाठी उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात नेले, तोही याच अंगाचा मुलूख. पण हे सारे डुलकी घेणाऱ्याला कोणी सांगावे?

माझ्या आईचे हे माहेर. सध्या ती नाशिकला माझ्या धाकट्या भावाकडे असते. मांडीचे हाड मोडल्यापासून तिचा प्रवास बंद झाला आणि वयोमानाने नजरही अधू झाली. समोर बसलेल्या माणसाची बाह्याकृती दिसते, चेहरा दिसत नाही. कान मात्र शाबूत. भिंतीपलीकडे दुधाला उकळी आली तर तिला ती ऐकू येते. मागच्या वर्षी श्रावणात ती टेलिफोनवर म्हणाली, “या नवरात्रात मला देवीची आरती आणून दे रे. आणि तळंही आण.”

आरती आणि तळे आणायचे म्हणजे कॅमेरा आणायचा. स्थिरचित्रे घेणारा, चलच्चित्रे घेणारा आणि यात्रेच्या गर्दीत खिशात मावणारा. आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, माझा मोबाईल आहे की!” मोबाईलचा अवमान करण्याचे मला कारण नाही. तो एका क्षणात पाच-दहा चित्रे टिपतो, त्यांतला चांगला चांगला भाग वेचून एक चित्र तयार करतो, आणि लग्न-मुंजी-वाढदिवसांना एवढे पुरेसे असते. ज्या घरात तो आहे त्या घराने दुसऱ्या यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी दहादा विचार करावा, असेच माझे मत आहे. जगाने तो केलेलाही आहे. २०१० साली कंपन्यांनी भिंग कायमचे जडलेले दहा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले होते. २०२३ साली तोच आकडा सतरा लाखांच्या आसपास उतरला. गंमत अशी, की अलीकडे कॉलेजातल्या मुलामुलींना या छोट्या कॅमेऱ्यांचे पुन्हा वेड लागले आहे, आणि काही नमुने तर दुकानात सांगून ठेवावे लागतात.

निराला बाजारातल्या एका दुकानात मी चौकशीला गेलो. तेथल्या तरुण विक्रेत्याने मला मेगापिक्सेलचे आकडे असे ऐकवले, की लहानपणी गुरुजी पावकी-निमकी म्हणून घेत त्याची आठवण झाली. वीस, चोवीस, अठ्ठेचाळीस! १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा त्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र नोंदायला तेवीस सेकंद लागत. त्या मानाने आज सगळेच कुबेर आहेत. मग वीस आणि चोवीस यांत कसली निवड करायची?

खरी गोष्ट मला समजावली ती आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी. त्यांच्याकडे दोन खिसाकॅमेरे होते. एकाची दूरदृष्टी अफाट. चाळीसपट जवळ ओढणारा. पण चित्र ज्या चकतीवर उमटते, ज्याला सेन्सर म्हणतात, ती त्यात करंगळीच्या नखापेक्षाही लहान, सुमारे सहा मिलिमीटर बाय साडेचार. दुसरा जवळचेच पाहणारा, जेमतेम चारपट ओढणारा. पण त्याची चकती तेरा मिलिमीटर बाय नऊ, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. सोनीने २०१२ साली अशी मोठी चकती खिशातल्या कॅमेऱ्यात बसवून दाखवली आणि पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. शिवाय या दुसऱ्याचे भिंग एफ १.८ इतके उघडणारे, पहिल्याचे एफ ३.३. सहकाऱ्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर गुणाकार करून दाखवला: अंधारात, काहीही जवळ न ओढता, दुसरा कॅमेरा पहिल्याच्या तेरा-चौदापट प्रकाश पितो. “दोन्ही घेऊन जा,” ते म्हणाले, “आणि तुमच्या हर्सूललाच विचारा.”

भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही तिघे दोन कॅमेरे आणि एक मोबाईल घेऊन तळ्यावर गेलो. पाऊस उघडला होता, पाणी भरपूर होते. पाण्यावर वारकरी होते. पंढरीचे नव्हेत, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी. टिबुकल्या बुड्या मारीत होत्या. एका खांबावर खंड्या बसला होता. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याने तो खंड्या असा जवळ आणला, की सौभाग्यवतींनी तेथल्या तेथे निकाल देऊन टाकला, “हाच घ्या!” मोठ्या चकतीच्या कॅमेऱ्यात त्याच खंड्याचा निळा ठिपका झाला होता, आणि मोबाईलवर चिरंजीवांनी बोटांनी ओढून ओढून त्याचे जलरंगातले चित्र केले होते. पहिली फेरी निर्विवादपणे लांब पल्ल्याची.

ऊन चढले तसे आणखी एक कळले. मागच्या काचेवर चित्र दिसायच्या ऐवजी मला माझेच घामाघूम तोंड दिसू लागले. डोळ्याला लावायची खिडकी दोघांनाही नव्हती. काही छोट्या कॅमेऱ्यांना ती असते, आणि उन्हाच्या आपल्या मुलखात ती मोलाची वस्तू आहे. पण तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात. सौ. नी पदराची सावली धरली आणि प्रश्न फुकटात सुटला. कारागृहाच्या भिंतीकडे मात्र कोणीही भिंग वळवले नाही. ती परीक्षा आम्हाला द्यायची नव्हती.

दुपारी देवळात गेलो. पुजारीबुवांना विचारून, झगझगाट अर्थातच बंद ठेवून, बाहेरूनच गाभाऱ्याकडे कॅमेरा धरला. येथे डाव फिरला. लांब पल्ल्याच्या चित्रात समईभोवती रव्यासारखे दाणे पसरले. आमचा हात किंचित हलला तो ज्योतीला शेपूट फुटण्यास कारण झाला. मोठ्या चकतीने मात्र ज्योत ज्योतीसारखी, पितळ पितळेसारखे आणि काळोख काळोखासारखा ठेवला. मोबाईलने तर गाभारा इतका उजळला, की पुजारीबुवा म्हणाले, “छान आलंय, पण इतका उजेड आमच्याकडं नसतो बरं का!”

घरी येऊन वाद सुरू झाला. सौ. अजून खंड्याच्याच बाजूच्या. मी म्हटले, “अगं, आईला खंड्या दिसणार आहे का?” त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “अहो, दिसायचं म्हणता, तर मग त्यांना गाभारा तरी कुठं दिसणार आहे?”

मुद्दा बिनतोड होता. दिवसभर आम्ही चित्रे तपासली होती. ज्या बाईसाठी हा खटाटोप, तिचा भरवसा कानावर. चिरंजीवांनी तिन्ही यंत्रांवरची चलच्चित्रे डोळे मिटून ऐकवली. तळ्यावरचा वारा तिन्हींत असा घोंघावत होता, की आपण आगगाडीच्या दारात उभे आहोत असे वाटावे. भिंग पुढे-मागे सरकल्याची घरघरही मधूनच ऐकू येत होती. कॅमेऱ्याच्या पोटातला मायक्रोफोन कितीही चांगला असला तरी तो कॅमेऱ्याचेच पोट आधी ऐकणार! उपाय एकच, बाहेरचा मायक्रोफोन. आणि तो जोडायचे छिद्र खिसाकॅमेऱ्यांपैकी फारच थोड्यांना असते. सहकाऱ्यांच्या दोन कॅमेऱ्यांपैकी ते मोठ्या चकतीच्या कॅमेऱ्याला होते. मेगापिक्सेल नव्हे, चाळीसपट दृष्टी नव्हे, तर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या एका छिद्राने निवड केली. तोच नमुना आम्ही घेतला. त्याबरोबर बोटभर मायक्रोफोन घेतला आणि वारा अडवणारी त्याची केसाळ टोपी. ती पाहून शेजारच्या मुलाने “काका, उंदीर पाळलात?” असे विचारले.

अजिंठ्याच्या या रस्त्याचा विषय निघाला की मला मेजर रॉबर्ट गिल आठवतो. १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारने त्याची नेमणूक केली. वर्षानुवर्षे खपून त्याने तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ च्या आगीत जळून गेल्या. गिलने मधल्या काळात कॅमेराही हाती धरला होता. त्याने काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तके १८६४ सालीच निघाली होती, आणि ती छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. एका प्रतीवर विसंबू नये हे मी त्याच्यावरून शिकलो. यात्रेचे चित्रण त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे असे ठरवून टाकले.

नवरात्रापूर्वी थोडी गृहपाठाची कामे झाली. फोर-केची अतिसूक्ष्म चित्रे घ्यायची तर आमच्या कॅमेऱ्यात एका दमात दहाच मिनिटे मिळत. आरती त्यात मावली नसती. साधी फुल एचडी घेतली तर अर्धा तास मिळे, नेमका एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंद! या एका सेकंदाची कंजुषी का, तर तीस मिनिटे वा अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपच्या जकातीत व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा कर बसे. ब्रुसेल्सच्या जकातीचा काच हर्सूलच्या आरतीला! दुसरे काम दिव्यांचे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळे यात्रेतले काही दिवे डोळ्याला न कळत लुकलुकतात. कॅमेरा अमेरिकी बेताने सेकंदाला तीस चित्रे घेऊ लागला तर पडद्यावर पट्टे सरकतात. पंचवीस किंवा पन्नासवर ठेवला की दिवे शहाण्यासारखे वागतात. ही खूण कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने यादीत ‘पाल’ शब्द शोधून एकदा लावून घ्यावी.

गेल्या नवरात्रात पहाटे मी एकटाच आधी तळ्यावर गेलो. कॅमेरा दगडावर ठेवला, मायक्रोफोनला टोपी घातली आणि वीस मिनिटे काहीही न करता बसलो. संध्याकाळी गर्दीत चिरंजीवांनी खांद्याशी खांदा लावून आधार दिला; संबळ, घंटा, आरती, नारळ फुटल्याचे आवाज, हरवलेल्या मुलासाठी ध्वनिक्षेपकावर होणारा पुकारा, सारे आत आले. देवीचा मुखवटा मध्येच एका गृहस्थाच्या टोपीआड गेला तो आठ मिनिटांनी बाहेर आला.

कोजागिरीला नाशिकला भावाच्या दूरदर्शन संचाला कॅमेऱ्याची तार जोडली. आई खुर्ची पुढे ओढून बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. आरती संपेपर्यंत ती टाळ्या वाजवीत होती. टोपीवाल्या गृहस्थाचा तिला पत्ताही लागला नाही. संबळ मात्र तिच्या पसंतीस उतरला नाही. “घाई करतोय मेला,” असे म्हणाली. मग तळे लावले. पडद्यावर करडे पाणी, दुसरे काही नाही. भाऊ कंटाळून चहा पाहायला उठला. दूरवर कुत्रे भुंकले, ट्रकचा कर्णा वाजला, आणि कुठूनतरी टिटवी ओरडत गेली. आईने हात वर केला.

“थांब. टिटवी अजून आहे तिथं?”

“आहे.”

“मागं घे रे. ती ओरडली तिथून परत लाव.”