हार्ड डिस्क उडाली म्हणजे

'हार्ड डिस्क उडाली' हे वाक्य जुना संगणक वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात आणि डीटीपीच्या दुकानात कधी ना कधी उच्चारले गेले आहे. त्यातल्या कितीतरी वेळा डिस्क शाबूत होती. पट्टी केबल सैल झालेली असे, मदरबोर्डवरचा सेल संपलेला असे, नाहीतर रात्री काढायची विसरलेली फ्लॉपी आतच असे. पडद्यावर मात्र तीच ओळ उमटे: 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर'. जुना संगणक चालू होताना आधी फ्लॉपी चाचपत असे आणि ती नसेल तरच हार्ड डिस्ककडे वळत असे. म्हणून ही ओळ दिसली की पहिला हात फ्लॉपीच्या खाचेकडे जायला हवा. बिघाड शोधण्याची सगळी रीत या एका हालचालीत आहे: बाहेरून आत जायचे, आणि तबकडीवर संशय सर्वांत शेवटी घ्यायचा.

आज पन्नाशीच्या आसपास असलेल्यांपैकी अनेकांची संगणकाशी ओळख फ्लॉपीनेच झाली. आधी सव्वापाच इंची, लवचीक, ३६० केबीची. मग साडेतीन इंची, कडक कवचाची, १.४४ एमबीची. मजकूर पुसला जाऊ नये म्हणून पहिलीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागे, तर दुसरीची खिडकी उघडी ठेवावी लागे. नेमके उलट असल्याने या बदलाच्या काळात पुष्कळ मजकूर हकनाक पुसला गेला. फ्लॉपीत मजकूर वाचणारे-लिहिणारे हेड तबकडीला प्रत्यक्ष टेकते. त्यामुळे ती झिजते, आणि तिच्यावरची घाण हेडला लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळा उलटला की तबकडीवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसत. अशी एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की तिची घाण पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्यांना लागे. म्हणून पत्र्याची झडप सरकवून तबकडी उजेडात पाहणे ही पहिली तपासणी. एका संगणकावर लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्यावर वाचली जात नसेल, तर दोष बहुधा फ्लॉपीचा नसून ड्राइव्हचे हेड जागेवरून सरकल्याचा असतो. अशा वेळी ज्या ड्राइव्हने ती लिहिली, तोच ती वाचू शकतो. तो भंगारात देण्याआधी हे आठवायला हवे.

हार्ड डिस्क वैयक्तिक संगणकात सर्रास आली ती १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीपासून. तिची क्षमता होती १० एमबी. त्या पिढीच्या बऱ्याच डिस्कचे हेड वीज गेल्यावर आपोआप बाजूला जात नसे. संगणक हलवण्याआधी 'पार्क' ही आज्ञा देऊन ते सुरक्षित जागी न्यावे लागे. पुढे आयडीई डिस्क आल्या, हेड स्वतःहून बाजूला जाऊ लागले, आणि घोटाळ्याचे नवे ठिकाण झाले जंपर, म्हणजे डिस्कचा क्रम ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी. एका केबलवर दोन डिस्क असतील तर एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. दोन्ही मास्टर ठेवल्या तर कधी एक दिसते, कधी एकही दिसत नाही. काही कंपन्यांच्या डिस्कला तर 'एकटी' आणि 'मास्टर' अशा दोन वेगळ्या खुणा असत, आणि दुसरी डिस्क काढून घेतल्यावर पहिलीचा जंपर बदलला नाही तर संगणक तिथेच थबके. चाळीस पिनांच्या केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे असावी लागते. फ्लॉपीची चौतीस पिनांची केबल उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहतो. ही खूण इतकी नेमकी आहे की बाकी काही तपासावेच लागत नाही. नंतरच्या ऐंशी तारांच्या आयडीई केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला लागते. केबल काढून, पिना पाहून, पुन्हा घट्ट बसवणे या एवढ्याशा कामाने जितक्या डिस्क 'जिवंत' झाल्या, तितक्या दुसऱ्या कशाने झाल्या नसतील.

त्यानंतर सेल. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि डिस्कची नोंदही पुसली जाते. जुन्या संगणकांत ही नोंद हाताने भरावी लागे: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. हे आकडे डिस्कच्या चिठ्ठीवर असत, आणि जाणते लोक ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवत. आकडे चुकले तर धडधाकट डिस्कही वाचता येत नाही. याच मोजणीतून १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर ही मर्यादा आली आणि ५२८ दशलक्ष बाइटच्या पलीकडची जागा अनेक मदरबोर्डना दिसेनाशी झाली. मोठी डिस्क लहान दिसू लागली की विकणाऱ्याने फसवले असा समज होतो. खरे कारण बहुतेकदा मदरबोर्डच्या मोजपट्टीत असते.

इथपर्यंत काही सापडले नाही, तर कान लावायचा. सुदृढ डिस्क सुरू होताना हळूहळू चढणारा एकसारखा सूर देते, मग हेड सुटल्याची बारीक टकटक होते आणि सूर स्थिर राहतो. काहीच आवाज नसेल तर आधी वीज पाहावी. चार तारांच्या जोडणीत पिवळीवर १२ व्होल्ट आणि लालवर ५ व्होल्ट असतात. मोटर बाराच्या जोरावर फिरते, पाचवर सर्किट चालते. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, जुना होऊन थकला की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्कला उठण्यापुरता जोर मिळत नाही. दुसऱ्या जोडणीवर किंवा दुसऱ्या एसएमपीएसवर लावून पाहिल्याशिवाय डिस्क मेली म्हणू नये. नुसती गुणगुण येऊन फिरणे सुरू होत नसेल, तर वर्षानुवर्षे पडून राहिल्याने हेड तबकडीला चिकटलेले असू शकते. तबकडीच्या दिशेने मनगटाला एक झटका देऊन ते सुटल्याची उदाहरणे आहेत. पण तो शेवटचा उपाय, आणि डिस्क फिरू लागली तर ती पुन्हा बंद करण्याआधी सगळा मजकूर उतरवून घ्यायचा. ठरावीक अंतराने येणारी 'टक्… टक्… टक्' ही सर्वांत वाईट खूण. हेड आपली जागा शोधते, सापडत नाही, मागे येते, पुन्हा जाते. फिरत्या तबकडीपासून हेड जेवढे अधांतरी असते ते अंतर केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी आहे. जखमी हेड तेवढ्या अंतरावर फिरत राहिले तर प्रत्येक फेरीत मजकूर खरवडला जातो. असा आवाज ऐकताच वीज तोडावी. 'अजून एकदा चालू करून पाहू' म्हणणारा माणूस उरलेले वाचण्याची शक्यता आपल्या हाताने घालवतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जाई. तो मानू नये; आपल्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, आणि तिच्या कवचाला हवेसाठी छिद्र असते.

डिस्क फिरते, संगणक ती ओळखतो, तरी फाइल सापडत नाही, तेव्हा बिघाड नोंदीत असतो. जमीन जागेवर असते, सातबारा हरवतो. डॉसच्या काळातली फॅट ही अशीच नोंदवही, आणि तिच्या दोन प्रती डिस्कवर ठेवलेल्या असतात. फाइल पुसली तरी मजकूर लगेच जात नाही. यादीतल्या नावाचे फक्त पहिले अक्षर बदलून जागा मोकळी म्हणून लावली जाते. म्हणूनच १९९१ च्या डॉस ५ मधली 'अनडिलीट' आज्ञा वापरणाऱ्याला हरवलेल्या नावाचे पहिले अक्षर विचारत असे. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या संगणकांची पुष्कळ दुखणी याच जातीची होती. लिहिता लिहिता वीज जाई, नोंद अर्धवट राही, आणि वीज आली की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई. त्याने गोळा केलेले बेवारस तुकडे 'फाइल०००० डॉट सीएचके' अशा नावांनी साठत. कचरा समजून ते पुसणे चूक होती, कारण एखाद्या लेखाची मधली चार पाने त्यांतच असत. व्हायरसचा मार्गही हाच. १९८६ चा 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे. २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झालेला 'सीआयएच' डिस्कचा सुरुवातीचा भागच पुसून टाकी. तरी डिस्कचा उरलेला मोठा भाग तसाच राही. ज्यांनी त्या दिवशी घाईने फॉरमॅट मारला नाही, त्यांच्यापैकी अनेकांचा मजकूर नंतर परत मिळू शकला.

खराब सेक्टरची गोष्ट वेगळी. डिस्क आपल्याकडच्या राखीव जागेतून खराब सेक्टर गुपचूप बदलत असते. ती राखीव जागा आटली आणि नवे डाग दिसू लागले की डिस्कचे दिवस भरले. डिस्क स्वतःची प्रकृती नोंदवते त्या 'स्मार्ट' तपासणीत बदललेल्या सेक्टरांचा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर दुरुस्तीचा विचारच सोडावा. अशा डिस्कवर स्कॅनडिस्कची सखोल तपासणी चालवणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला डोंगर चढायला लावणे. आधी नक्कल, मग निदान. जीएनयू डीडीरेस्क्यूसारखी साधने याच क्रमाने काम करतात: चांगला भाग आधी उतरवून घेतात, खराब जागांची नोंद ठेवतात आणि तिथे शेवटी परततात. दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करता येतात. मूळ डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही.

सीडीबाबत थोडक्यात. पुसायची ती मधून कडेकडे, गोल नाही. चकचकीत बाजूचे हलके ओरखडे बहुधा चालून जातात. धोका छापील बाजूला, कारण अॅल्युमिनियमचा थर तिथे पातळ रोगणाखालीच असतो. ड्राइव्हचा ट्रे अडकला तर समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घातली की तो बाहेर येतो.

आता वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आयडीई डिस्क माळ्यावरून खाली येतात, तेव्हा त्या यूएसबी जोडणीने आजच्या संगणकाला लावता येतात. जोडणीला स्वतःचा वीजपुरवठा असावा आणि जंपर बहुधा मास्टरवर. अगदी जुन्या, केवळ सिलिंडर-हेड मोजणाऱ्या डिस्क मात्र अशा जोडणीला दाद देत नाहीत. त्यांना त्यांच्या काळचाच मदरबोर्ड लागतो. फाइली उतरल्या, नावे ओळखीची निघाली, तरी मराठी मजकूर उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ही डिस्कची चूक नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी टंकाची अक्षरांची मांडणी निराळी होती, आणि पुण्यातल्या सी-डॅक या संस्थेच्या व मॉड्युलर या कंपनीच्या टंकांतला मजकूर एकमेकांच्या टंकात वाचता येत नसे. म्हणून डिस्कवरून फाइली उतरवताना त्याच डिस्कवरचे फॉन्टचे फोल्डरही उतरवून घ्यावे. मजकूर कोणत्या टंकात आहे हे त्यावरून कळते, आणि टंक कळला की त्याचे युनिकोडात रूपांतर करता येते. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तेवढी नंतर नजरेखालून घालावी लागतात.