उताराची पारख

डोंगरउतारावर एटीव्ही चालवणे ही यंत्रावरील हुकमतीची कला समजली जाते. परंतु तिचा खरा पाया जमिनीच्या पारखेत असतो, आणि धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या उतारांवर हे विशेष स्पष्टपणे दिसते. एटीव्ही, म्हणजे ऑल टेरेन व्हेईकल, हे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे, मोटारसायकलीप्रमाणे हँडलने वळवायचे आणि रुंद, मऊ टायरांवर चालणारे वाहन होय. होंडाने १९७० मध्ये ते तीन चाकांच्या रूपात बाजारात आणले आणि सुझुकीने १९८२ मध्ये त्याला चौथे चाक दिले. तीन चाकांच्या गाड्यांचे अपघात वाढत गेल्याने अमेरिकेत १९८८ मध्ये उत्पादकांना त्यांची विक्री थांबवणे मान्य करावे लागले. महाराष्ट्रात हे वाहन प्रामुख्याने लोणावळा, पाचगणी यांसारख्या पर्यटनस्थळी आखीव मार्गांवर दिसते, तर धाराशिवच्या माळावर आणि पाणंदींवर अजूनही मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांचेच राज्य आहे. असे असले तरी या वाहनाचे बहुतेक सर्व गुणदोष ज्या जमिनीवर कसाला लागतात, ती जमीन या जिल्ह्यात आहे.

बालाघाट हा दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक थिजून झालेल्या काळ्या खडकाचा डोंगर आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि कठीण असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असल्याने लवकर झिजतो आणि त्याचा मुरूम होतो. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टाही आढळतो. कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ भाग मागे सरकून सौम्य उतार होतो, त्यामुळे संपूर्ण डोंगराला जिन्याच्या पायऱ्यांचे रूप येते. येडशीजवळच्या रामलिंगच्या दरीत किंवा सोलापूरकडून तुळजापूर चढताना ही रचना नजरेत भरते. चालकाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की एकाच उतारावर थोड्या थोड्या अंतराने चाकाखालची जमीन बदलते आणि जी पद्धत एका थरावर तारते, तीच पुढच्या थरावर घात करते.

कठीण खडकावर टायरची पकड उत्तम असते, मात्र तेथे पायरीची उंची आणि खडकाची धार पाहावी लागते, कारण मऊ टायरची बाजू अशा धारेवर चिरते. मुरमावर पकड वरवरची असते. सुटे खडे चाकाखाली फिरतात, ब्रेक दाबला की चाक थांबते पण गाडी थांबत नाही, म्हणून वेग मुरूम लागण्याच्या आधीच्या खडकावर कमी करून ठेवावा लागतो. तांबडी माती कोरडी असताना निरुपद्रवी वाटते आणि ओली झाली की निसरडी होते. पायथ्याची काळी माती पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीची असल्याने पावसाळ्यात टायरच्या खाचा भरून टाकते, आणि खाचा भरलेला टायर हा पकड नसलेला टायर असतो. म्हणूनच अनुभवी चालक अनोळखी उतार आधी पायी उतरतो, टाच रोवून मुरमाची खोली अजमावतो, सुटा धोंडा कोणता आणि मुळातला खडक कोणता हे पायानेच ठरवतो आणि मगच गाडी सुरू करतो.

या वाहनाची ताकद इंजिनापेक्षा भाराच्या वाटपात अधिक आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारणतः तीस पौंडांच्या आसपास हवा असते, तर एटीव्हीच्या टायरमध्ये पाच ते सात पौंड पुरते. कमी दाबामुळे टायर पसरतो, जमिनीला अधिक लागतो आणि भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. भाराच्या वाटपाचा विचार या भागाला नवा नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू केलेली आणि पुढे येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे याच तत्त्वावर उभी होती. इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू नये अशी रचना केल्यामुळे तिला हलके रूळ पुरले. जमिनीला किंवा रुळाला पेलेल तेवढाच भार प्रत्येक चाकावर टाकणे हे जे काम कॅलथ्रॉपने आराखड्यात केले, ते एटीव्हीच्या चालकाला प्रत्येक क्षणी स्वतःच्या शरीराने करावे लागते.

शरीराचे हे काम नेमके काय असते, ते वळणावर सर्वांत आधी कळते. मोटारीत डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची रचना असते आणि तिच्यामुळे वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जलद फिरू शकते. अनेक एटीव्हींच्या मागच्या आसात ती नसते, दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात आणि गाडी सरळच जाऊ पाहते. अशा वेळी चालक धड आतल्या बाजूला झुकवतो आणि भार बाहेरच्या पायटेकावर देतो, जेणेकरून आतले मागचे चाक हलके होऊन थोडे घसरेल आणि गाडी वळेल. चढताना धड पुढे न्यावे लागते, अन्यथा पुढची चाके उचलली जाऊन गाडी मागे उलटते. उतरताना धड मागे घेऊन, खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच वेग रोखू द्यावा लागतो, आणि ब्रेक हलक्या हाताने वापरावा लागतो. थ्रॉटल उजव्या अंगठ्याने चालतो, त्यामुळे हादऱ्याबरोबर अंगठाही हादरला तर गाडी धक्के खात पुढे जाते. मनगट हँडलवर टेकवून अंगठा स्वतंत्र ठेवण्याची सवय यासाठीच लावून घ्यावी लागते. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात, कारण मागे बसलेला दुसरा माणूस चालकाच्या शरीराची ही सगळी हालचाल अडवतो.

सर्वांत फसवा असतो तो आडवा उतार, म्हणजे ज्यावर गाडीची एक बाजू वर आणि दुसरी खाली राहते असा मार्ग. बालाघाटाच्या उतारांवर गुरांच्या पायवाटा समतल रेषेला धरून आडव्या गेलेल्या असतात आणि नव्या चालकाला त्या तयार रस्त्यासारख्या भासतात. जनावर चारी पाय एका अरुंद रेषेत टाकते आणि तोल सावरते. एटीव्हीची खालची चाके मात्र पायवाटेच्या बाहेर, ठिसूळ मुरमावर पडतात, आणि तो मुरूम खचला की गाडी कुशीवर उलटते. चार चाकांमुळे गाडी स्थिर आहे ही समजूत येथेच खोटी ठरते. जुन्या बैलगाडीच्या वाटा अधिक विश्वासाच्या असतात, कारण त्या दोन चाकांची रुंदी आणि ओझ्याने भरलेल्या गाडीचा तोल लक्षात घेऊनच पडलेल्या असतात. जेथे तशी वाट नाही, तेथे उतार सौम्य असेल तर सरळ खाली उतरणे आडवे जाण्यापेक्षा सुरक्षित असते, आणि उतार तीव्र असेल तर परत फिरणे हाच योग्य निर्णय असतो.

परत फिरण्याचा निर्णय केवळ सुरक्षेशी संबंधित नाही. येडशी-रामलिंगघाट अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. सुमारे बावीस चौरस किलोमीटरच्या या लहानशा वनात, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार, वनखात्याच्या परवानगीवाचून शिरता येत नाही, आणि दरी कितीही मोहक असली तरी ती वाहनाच्या साहसासाठी नाही. अभयारण्याबाहेरच्या माळांवरही पाणलोट विकासाच्या कामांत खोदलेले समतल चर आढळतात. समतल चर म्हणजे उतारावर एकाच पातळीत आडवे खोदलेले चर. पावसाचे पाणी त्यांत अडून जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. गाडीचे चाक अशा चराचा भराव ओलांडून गेले, तर तेथे एक खाच पडते, पहिल्या जोरदार पावसात पाणी त्या खाचेतून धावते आणि वर्षभरात तिची ओघळ होते. वारंवार टंचाई सोसणाऱ्या जिल्ह्यात चाकाने फोडलेला एक चर म्हणजे कोणाच्या तरी विहिरीचे कमी झालेले पाणी असते.

म्हणून या कलेचे मोजमाप वेगाने किंवा सर केलेल्या उताराच्या तीव्रतेने करणे अपुरे आहे. उद्या या जिल्ह्यात अशा वाहनांसाठी मार्ग आखायचे झाले, तर ते मुरमाड बरड जमिनीवर, जुन्या गाडीवाटांना धरून, चर आणि बांध टाळून, ग्रामपंचायतीच्या संमतीने आखावेत आणि पावसाळ्यात पूर्ण बंद ठेवावेत. हे नियम चालकावर बाहेरून लादलेले निर्बंध ठरत नाहीत. जो खडक, मुरूम आणि माती यांतील फरक चाकाखाली ओळखतो, त्याला कोणती जमीन चाकाचा भार सोसेल आणि कोणती सोसणार नाही हेही ठाऊक असते, आणि त्या ज्ञानानुसार वागणे हा त्याच्या कौशल्याचाच भाग आहे.