उडता मासा

दोरी ही वस्तू आपण तुटल्यावरच नीट पाहतो. वाळवणाची असो की पाळण्याची, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मीही साठी उलटेपर्यंत केली नव्हती. ती करायला लावली माझ्या पुतण्याच्या विमानाने.

भाऊ गेल्यापासून हा चौदा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आहे. बोलणे बेताचेच. ‘जेवलास का?’ ‘हो.’ एवढ्यावर आमचा संवाद आटोपे. पुढे त्याने एन.सी.सी.च्या हवाई विभागात नाव घातले आणि घरात कंट्रोल लाइनचे छोटे विमान आले.

हे विमान बिनतारी नव्हे. उडवणाऱ्याच्या मुठीपासून निघालेल्या दोन दोऱ्या विमानातल्या तरफेला जोडलेल्या असतात. मूठ कलती केली की शेपटीची पट्टी हलते आणि विमान वर किंवा खाली वळते; एरवी ते आपल्याभोवती गरगरत राहते. अमेरिकेतल्या जिम वॉकरने १९४० च्या दशकात हा छंद लोकप्रिय केला. मोठ्या विमानांना पोलादी तारा लागतात. आमच्या दोनशे ग्रॅमच्या विमानाला मात्र गळाची दोरी पुरणार होती.

बंदराजवळच्या दुकानदाराने विचारले, “साहेब, मासा केवढा?”

“दोनशे ग्रॅमचा,” मी म्हणालो, “पण उडणारा.”

त्याने माझ्याकडे एकवार पाहिले आणि तंगूसाचे रीळ पुढे सरकवले.

“काका, तंगूस नको,” पुतण्या म्हणाला, “तो ताणतो.” आणि मग तो जे बोलत सुटला! दहा मीटरची दोरी आणि पाच सेकंदांची फेरी धरली, तर ओढ जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम. उडवण्यापूर्वी वजनाच्या दहापट, म्हणजे दोन किलोंची ओढ देऊन पाहायची. तेवढी तर कोणतीही चांगली दोरी सोसते. “प्रश्न तुटण्याचा नाही, काका. दोरी ताणली, की हाताने सांगितलेले विमानाला उशिरा कळते.”

आम्ही पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणलेली दोरी घेतली. ती फारशी ताणत नाही. गुळगुळीत असल्यामुळे कोलांट्या घेताना दोन्ही दोऱ्यांना एकमेकींचा पीळ पडला, तरी त्या सरकत राहतात. पण त्याच गुणामुळे साधी गाठ सुटते. म्हणून दोरी दुहेरी ओवून गाठ मारायची. नव्या दोरीची वीण आधी ओढून बसवायची आणि मगच दोन्ही दोऱ्या समान मापाच्या करायच्या. हा धागा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो, तेव्हा तापलेल्या इंजिनापासून तो दूर हवा. विजेच्या तारांच्या आसपास तर उडवायचेच नाही. आणि तुकडे मैदानात टाकायचे नाहीत, कारण ते कुजत नाहीत. नायलॉनच्या मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, ती पाखरांचे आणि माणसांचे गळे कापले जातात म्हणूनच.

रविवारी मैदानावर विमान उडाले. दहाबारा फेऱ्यांनंतर त्याने मला जवळ बोलावले आणि मूठ न सोडताच माझा हात तिच्यावर ठेवला. विमानाची ओढ मनगटाला लागली.

“कळतंय का, काका?”

“कळतंय रे,” मी म्हणालो. दोघेही त्याच्याबरोबर गोल फिरत होतो. मला थोडी घेरी येत होती. पण हात काढावा असे वाटेना.