सपाट आवाज

साठी उलटली आणि माझा आवाज पाचव्या-सहाव्या आकड्याला कापायला लागला. एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण मुलांच्या बुद्धिचाचणीत अंकस्मृतीची उपचाचणी घेताना सगळा भरवसा आवाजावर. सेकंदाला एक आकडा, सगळे एका पट्टीत; मुलानं ते ऐकून परत सांगायचे. जरा कुठे जोड्या पडल्या, की मूल मोबाइल नंबर लक्षात ठेवावा तसे ते आकडे धरून ठेवतं आणि माझ्या लयीचे गुण त्याच्या खात्यात जमा होतात. त्यातून समोरचं पोर रडवेलं असलं, की आवाजात माया उतरते. चेहरा कोरा ठेवायला मी शिकले, गळ्याला अजून जमलेलं नाही.

या सपाटपणाचा मला भारी अभिमान. शिकाऊ मुलींपुढे घड्याळ न बघता आकडे म्हणायचे आणि त्यांना सेकंदकाटा धरायला लावायचा, ही माझी जुनी मिजास. आता पंचविशीतली माझी सहकारी माझ्याहून चोख म्हणते. ते ऐकताना कौतुक वाटतं, पोटात दुखतंही. तीच म्हणाली, "मॅडम, रेकॉर्ड करून लावूया का?" लय चुकणार नाही, हे कबूल. पण रेकॉर्डिंग लावलं, की आपली नजर मोबाइलकडे जाते आणि मुलाकडे बघायचं राहून जातं.

चौथीतला एक मुलगा ऐकलेले आकडे उलट क्रमानं सांगताना टेबलाखाली मांडीवर बोटानं काहीतरी लिहीत होता. आधी सरळ लिहायचा, मग उजवीकडून वाचायचा. चार आकड्यांना बोट अडलं. गुण बेताचेच आले, पण ते बोट मी अहवालात लिहिलं. वर्गात बाईंनी तोंडी सूचना एका वेळी एकच द्यावी, ही शिफारस तिथूनच निघाली.

माझ्याकडे अजून मिसिक ही बुद्धिचाचणीच आहे, नागपूरच्या मालिन यांची, १९६९ सालची. मानकं जुनी झाली, हे आम्ही दबक्या आवाजात बोलतो. महागडा नवा संच घेतलेले मोठ्यानं. मला राग येतो तो बोटांचे ठसे घेऊन बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्यांचा. शास्त्राचा आधार शून्य, पण फाइल गुळगुळीत, रंगीत. पालक खूश. आम्ही दोन-तीन बैठका घेऊन जे सांगतो, त्यात रंग नसतात.

दुसरा राग दहावीच्या तोंडावर धावत येणाऱ्यांचा. २०१६ च्या कायद्यानं अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, हे उत्तमच झालं. पण परीक्षेतल्या सवलतीचा दाखला ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातूनच मिळतो. माझा अहवाल म्हणजे दाखला नव्हे. आणि आठव्या-नवव्या वर्षी यायला हवं ते मूल पंधराव्या वर्षी आलं, तर 'आळशी' हा शिक्का तोवर त्याला स्वतःलाच पटलेला असतो.

पालकांना एक विनंती. मुलाची झोप झालेली असू द्या, पोट भरलेलं असू द्या, चष्मा असेल तर आठवणीनं आणा. घरी उलटे आकडे घोकून घेऊ नका. घेतले असतील, तर आधी सांगा. मी ती उपचाचणी गाळते.