ओल आलेली भिंत

पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली होती, ती दुरुस्त झाली. रंगारीभाऊ म्हणाले, "स्टेन्सिल आहे माझ्याकडे. गोंड हरिण काढून देऊ? संध्याकाळपर्यंत होईल." मी नको म्हटलं. का, ते नीट सांगता आलं नाही.

भोपाळमध्ये राहत असल्याने हे हरिण सगळीकडे दिसतं, उड्डाणपुलाखालीसुद्धा. शिंगांना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, अंगभर बारीक ठिपके. त्या ठिपक्यांना धनी असतो. गोंड चित्रकारांपैकी जनगढसिंह श्याम यांची भरण वेगळी, भज्जू श्याम यांची वेगळी. ओळखणारा सही न बघता ओळखतो. स्टेन्सिलमध्ये नेमकं तेच गळून जातं.

पाटनगढ गावच्या जनगढना चित्रकार स्वामीनाथन यांच्या भारत भवन या कलाकेंद्राने इथे भोपाळला आणलं. त्याच इमारतीच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भूरीबाईंना स्वामीनाथन यांनी चित्र काढायला सांगितलं. भूरीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हे आठवलं की बरं वाटतं. पण जनगढ २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात चित्रं काढायला गेलेले असताना वारले, त्यांनी स्वतःच जीव दिला. तिथेही त्यांच्या कलेचं कौतुकच होतं. मग निव्वळ कौतुक पुरतं का? मला उत्तर सापडत नाही.

एवढं मात्र पक्कं वाटतं: चित्र घरात यायचं तर काढणाऱ्याच्या नावासकट यावं, आणि किंमत त्याने सांगावी. घासाघीस नको.