छर्र्यांचा डबा

मागच्या डिसेंबरात घरी एक पार्सल आलं. चार छोटे गोल डबे, पत्र्याचे, बामाच्या डबीपेक्षा थोडे मोठे. अब्बांनी एक उघडला, आत चिमुकले शिशाचे दाणे बघितले आणि झाकण लावून माझ्याकडे सरकवला. "ये घर में नको रखू बेटा. जमाना कैसा है देखता ना तू?"

मी बीएड झालेला, वीस वर्षं उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. पण त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घरात बंदुकीचं सामान आलंय ही बातमी करकंबच्या एका टपरीवरून दुसऱ्या टपरीवर जाईपर्यंत त्याचं काय होईल, हे अब्बांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

डबे लेकीसाठी होते. ती नववीत. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर होतो. त्याचे वडील शिक्षक, हे ऐकल्यावर तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मला विषय बदलता येईना. तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही सोलापूरला जातो. रायफल तिथली, १० मीटर एअर रायफल. छर्रे आपले आपण आणायचे.

छर्रा म्हणजे छर्रा, असं मला वाटायचं. प्रशिक्षकांनी डब्यावरचा बारीक आकडा दाखवला: ४.४९. दुसऱ्यावर ४.५०, तिसऱ्यावर ४.५१. छर्र्याच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नळी ४.५ ची म्हणतात, पण प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. एकीला जे मानवतं ते शेजारच्या रायफलीला मानवेलच असं नाही. वजन साधारण अर्धा ग्रॅम आणि पुढचं तोंड चपटं, म्हणजे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. त्याची गरज का, तर लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेन्सिलीच्या टोकाएवढा, दहा मीटरवर.

बाहेरच्या देशांत मोठ्या रायफलीचे नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरतात. पितळी पुंगळी, पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी, चारही गोष्टी निवडून, तोलून. सगळा खटाटोप एवढ्याचसाठी, की पहिलं काडतूस आणि पन्नासावं काडतूस जुळ्या भावांसारखं वागावं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे घरी करून बघायचं काम नव्हे. आणि स्वप्नील किंवा कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ज्या पॉइंट टू-टू रायफलीनं खेळतात, तिचं काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतंच. पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, आणि एकदा पिन बसली की ती कड चेपते. म्हणून तिथं कारागिरी उरते ती निवडीची. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधून आपल्या नळीला कुठला लॉट पटतो ते गोळ्या झाडून बघायचं आणि तोच साठवायचा. आमचं तेच, फक्त गरिबाघरचं.

भाषेच्या मास्तराला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उर्दूतलं कारतूस आणि मराठीतलं काडतूस, दोन्ही पोर्तुगिजांच्या बोटीतून उतरलेले. बंदूक मात्र अरबी. 'बुंदुक' म्हणजे मुळात हेझलनट नावाचं कठीण कवचाचं गोल फळ, मग त्याच्यासारखी फेकायची गोळी, आणि शेवटी ती फेकणारं हत्यार. म्हणजे आधी छर्रा, मग बंदूक. आमचे प्रशिक्षक अरबी न शिकता तेच सांगत होते.

तर परीक्षा. रायफल शिकंज्यात घट्ट आवळली, म्हणजे लेकीचा श्वास, हात, भीती सगळं बाजूला. प्रत्येक डब्यातले पाच छर्रे एकाच कागदावर. मग दुसरा कागद. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर मी विज्ञानाच्या सरांकडून मागून नेला होता. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजत गेलो. ज्या डब्यासाठी मी सगळ्यात जास्त पैसे मोजले होते, त्याचं भोक ७.४ मिलिमीटरपर्यंत फाकलं. मध्यम किमतीच्या ४.५० वाल्यानं पाचही छर्रे ५.८ मध्ये बसवले. विश्वास बसेना म्हणून तिनं दोन्ही पुन्हा झाडायला लावले. उत्तर तेच.

चार डब्यांत घरचं महिन्याचं दुधाचं बिल गेलं होतं. त्यातले तीन आता सरावाला. शिवाय निवडलेल्याच लॉटचे आणखी सहा डबे घ्यावे लागणार होते, कारण पुढच्या लॉटचा भरवसा नाही. बायको म्हणाली, "घ्या. माझी भिशी आहे." मी काही बोललो नाही. घेतले.

एक चूक माझ्याकडून झालीच. शिसं हाताला लागतं, धुतल्याशिवाय काही खायचं नाही, हे मला सांगितलेलं होतं. परतीच्या एसटीत मीच तिला तशाच हातानं भजी दिली. घरी आल्यावर आठवलं. आता बॅगेत साबणाची वडी असते.

त्या रात्री कागद ओट्यावर पसरले होते. अब्बांनी उमेदीची सगळी वर्षं सुतारकाम केलं. चष्मा लावून त्यांनी दोन्ही कागद उजेडाला धरले, ५.८ च्या भोकावर अंगठ्याचं नख फिरवलं. रंधा मारलेल्या फळीवर फिरवायचे तसंच.

"ये तूने मारा?"

"नहीं दादा, मशीन में बांधके. मेरा इससे बड़ा आता."

"कितना बड़ा?"

तिनं दप्तरातून स्वतःचा कागद काढून दिला. अब्बांनी बराच वेळ बघितला. मग पावती कुठंय विचारलं. ती, शाळेचं पत्र आणि तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली, आणि पिशवी डब्यांसकट आपल्या कपाटात, हत्यारांच्या पेटीशेजारी ठेवली. किल्ली त्यांच्याकडेच असते. रविवारी पहाटे ती दार वाजवते, तेव्हा ते डबा हातात घेऊन आधीच बसलेले असतात.